मोटारीचा शॉकप : थोडे शास्त्र आणि थोडे हातकाम

मोटारीच्या प्रत्येक चाकापाशी एक लोखंडी नळकांडे बसवलेले असते. इंग्रजीत त्याला शॉक ॲब्सॉर्बर म्हणतात, आपल्या पाठ्यपुस्तकात धक्काशोषक, आणि गॅरेजात शॉकप. नाव कोणतेही घ्या, त्यातून निघणारा अर्थ बरोबर नाही. खड्ड्याचा धक्का हे नळकांडे शोषत नाही. तो स्प्रिंग शोषते. गाडीचे वजनही ते पेलत नाही. तेही स्प्रिंगच पेलते. मग शॉकप करतो काय? तो स्प्रिंगला आवरतो. ब्रिटिश लोक त्याला डॅम्पर म्हणतात, म्हणजे दोलन मंद करणारा, आणि शास्त्राच्या दृष्टीने तेच नाव योग्य आहे. आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात ‘अवमंदन’ हा शब्द येतो आणि परीक्षेपुरता पाठ होऊन विसरला जातो. हे अवमंदन नाहीसे झाले म्हणजे गाडीचे आणि गाडीत बसणाऱ्याचे काय होते, ते परत आणण्यासाठी घरच्या घरी काय करता येते आणि काय करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नुसती स्प्रिंग घेऊ. हूकचा नियम सर्वांना ठाऊक आहे : जितका भार, तितकी दब. समजा, गाडीच्या एका कोपऱ्याचा भार पडून स्प्रिंग १५ सेंटिमीटर दबलेली आहे. आता तो कोपरा आणखी थोडा खाली दाबून सोडला तर तो सेकंदाला किती वेळा वरखाली होईल? येथे एक गंमत आहे. गणित मांडले की वस्तुमान आणि स्प्रिंगचा स्थिरांक ही दोन्ही पदे निघून जातात आणि केवळ दब उरते. ९.८ ला ०.१५ ने भागा, वर्गमूळ काढा आणि त्याला ६.२८ ने भागा. उत्तर येते सेकंदाला सुमारे १.३ दोलने. दब २५ सेंटिमीटर असती तर जवळजवळ नेमके एक दोलन आले असते. साध्या लंबकाचे सूत्र ज्यांना आठवते त्यांच्या ध्यानात येईल की लंबकाच्या लांबीच्या जागी दब घातली की काम झाले. सेकंदाला एक ते दीड दोलन माणसाच्या शरीराला मानवते, म्हणून मोटारीच्या स्प्रिंगा साधारण त्याच बेताने बनवतात.

परंतु नुसती स्प्रिंग एकदा डोलू लागली की डोलतच राहते. तिच्यात साठलेली ऊर्जा कोठे तरी जायला हवी. ती ऊर्जा उष्णतेत घालवणे एवढेच शॉकपचे काम. चांगल्या स्थितीतला शॉकप असेल तर १० सेंटिमीटर खाली गेलेला कोपरा वर उसळताना मूळ पातळीच्या वर साधारण पावणेचार सेंटिमीटर जातो, पुन्हा खाली दीड सेंटिमीटरच्या आत, आणि नंतर अर्धा; म्हणजे दीड दोलनात सारे शांत. हा हिशेब अवमंदनाचे गुणोत्तर ०.३ धरून केला आहे. शॉकप झिजून तेच गुणोत्तर ०.१ वर आले तर १० चे ७.३, मग ५.३, मग ३.९, मग २.८ असा क्रम लागतो. गाडीत बसलेल्याला हा क्रम कागदावर पाहण्याची गरज नसते. त्याच्या पोटात तो कळतो.

गोष्ट पोटात ढवळण्यावर थांबत नाही. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. रस्त्यावर तेरा-तेरा मीटर अंतराने उंचवटे असतील तर त्या वेगाला गाडीला सेकंदाला १.३ धक्के बसतील, म्हणजे नेमके तिच्या स्वतःच्या दोलनाच्या तालावर. झोपाळ्याला ताल धरून ढकलावे तसे हे होते. यालाच अनुनाद म्हणतात. शॉकप धड असेल तर तो ही वाढ रोखतो; नसेल तर गाडीचे नाक प्रत्येक उंचवट्याला अधिकाधिक उसळते. शिवाय नुसते चाक आणि आस यांचेही स्वतःचे एक दोलन असते, पण ते फार जलद, सेकंदाला दहा-बारा वेळा. ते आवरले गेले नाही तर चाक रस्त्यावर टेकून न राहता टणाटण उडते. उडालेले चाक ब्रेक मारत नाही, आणि वळतही नाही. टायरवर जागोजागी खोलगट चट्टे पडलेले दिसतात ते याच कारणाने. म्हणून शॉकपला केवळ आरामाची वस्तू समजणे ही मोठी चूक आहे. तो ब्रेकचाच भागीदार आहे.

आता कोणी विचारील, की टांग्याला कुठे शॉकप होता? तोही कमानींवरच चालत असे. प्रश्न रास्त आहे. टांग्याच्या, आणि आजच्या ट्रकच्याही, कमानीत पोलादी पाट्या एकावर एक बसवलेल्या असतात. भार पडला की त्या एकमेकींवर घासतात आणि त्या घर्षणात बरीचशी ऊर्जा जिरते. म्हणजे कमानीत स्प्रिंग आणि शॉकप हे दोन्ही थोडेथोडे एकत्र आहेत. गुंडाळीच्या स्प्रिंगेत असे घर्षण जवळजवळ नसते. ती मऊ आणि हलकी असते, पण तिला जोडीदारावाचून चालत नाही.

शॉकपच्या पोटात फारसे काही गूढ नाही. नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके आणि त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. दट्ट्या हलला की तेलाला त्या अरुंद वाटेने जावे लागते आणि ते विरोध करते. जितक्या जोराने हलवाल तितका विरोध अधिक. सावकाश हलवाल तर जवळजवळ नाहीच. झडपा अशा लावलेल्या असतात की आत दबताना विरोध कमी व बाहेर ताणला जाताना जास्त. चाक उंचवट्यावर चढताना स्प्रिंगला मोकळेपणी दबू द्यायचे, पण ती उसळून परत येताना तिची शेपटी धरायची, असा हा बेत आहे. या नळीभोवती दुसरी नळी असते. दांडा आत शिरला म्हणजे जितके तेल जागा सोडते ते तिच्यात जाते. तिच्या वरच्या भागात हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन असतो. आमच्याकडील वाचकांनी बेळगावच्या उद्यमबागेत तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रे व व्हाल्व्ह बनताना पाहिले असतील. तत्त्व तेच, पण तेथे तेलाकडून काम करवून घेतात आणि येथे तेलाला काम वाया घालवायला लावतात. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकपला हात लावून पाहा. जो कोमट लागेल तो काम करतो आहे. जो गारच आहे त्याने काही केलेले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना चामडे किंवा लाकूड यांच्या चकत्या दाबून घर्षण निर्माण करणारे शॉकप असत. त्यानंतर मॉरिस हुदाय या फ्रेंच गृहस्थाच्या नावाने ओळखले जाणारे तेलाचे, खांद्यासारखा दांडा असलेले शॉकप आले, आणि पुढे आज दिसतो तो दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा प्रकार सर्वत्र रूढ झाला. मात्र मोटारीच्या पुढच्या चाकांच्या बाबतीत खरा बदल अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने केला. त्याने शॉकपलाच जाड व मजबूत बनवून स्प्रिंग त्याच्याभोवती बसवली आणि चाकाला वरून धरून ठेवण्याचे कामही त्याच्यावरच सोपवले. याला स्ट्रट म्हणतात. इंग्लंडमधील फोर्डच्या कॉन्सल व झेफर या १९५० साली प्रसिद्ध झालेल्या गाड्यांना हे स्ट्रट होते. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. लहान गाड्यांना यापेक्षा अधिक काय हवे?

आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिला १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले, तिला पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा व वेगळे शॉकप, आणि मागे कमानी होत्या. तिचा शॉकप बदलणे म्हणजे दोन टोकांचे नट काढणे एवढेच काम होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती पुढे स्ट्रट घेऊनच. आज रस्त्यावरील बहुतेक लहान गाड्यांना पुढे स्ट्रट आहेत. शॉकप देशातच बनवण्याची सोयही जुनी आहे. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ साली मुंबईत स्थापन झाली, आणि पुढे तिचे कारखाने नाशिक व मध्य प्रदेशातील देवास येथेही निघाले. फियाटवर हात बसलेल्या माणसाने मारुतीच्या स्ट्रटला तशाच सहजपणे हात घालू नये, हे मात्र आताच सांगून ठेवतो. कारण पुढे येईलच.

हे सारे मला नीट पाहायला मिळाले ते बऱ्हाणपूरला, सिंधीपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या मामांकडे. बऱ्हाणपूर हे तापीकाठचे शहर मध्य प्रदेशात असले तरी पलीकडे लागूनच आपला खानदेश आहे. एकाच गल्लीत मराठी, हिंदी आणि उर्दू सरमिसळ ऐकू येते, आणि त्यामागे यंत्रमागांचा खडखडाट अखंड चालू असतो. मामांनी उभी हयात मागांवर जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे माग बसवणारा, बिघडला तर दुरुस्त करणारा. त्यांच्याकडे एक जुनी, पंधरा वर्षे उलटल्यावर पुन्हा नोंदणी करून घेतलेली मारुती ८०० आहे. गाडीची हौस म्हणून ती ठेवलेली नाही. मामींना मणक्याचा विकार आहे आणि त्यांना महिन्यातून एकदा जळगावच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. रावेर, सावदा, फैजपूर असा तो केळीच्या बागांतून जाणारा रस्ता. केळीचे ट्रक रात्रंदिवस चालतात. मामी कधी तक्रार करणाऱ्यांतल्या नव्हेत. पण गेल्या दोन खेपांना परत आल्यावर त्या दोन-दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत, तेव्हा मामांनी गाडीकडे लक्ष वळवले.

एका गॅरेजवाल्याने चारही शॉकप, शिवाय खालचे आर्मही बदलावे लागतील असे सांगून भला मोठा आकडा मांडला. मामांनी मान डोलावली, गाडी घरी आणली आणि फरशीवर आडवे होऊन बॅटरीच्या उजेडात स्वतः पाहिले. पुढचे दोन्ही स्ट्रट तेलाने माखले होते व त्यावर धूळ बसून काळा थर झाला होता. नुसता ओलसर डाग असता तर त्याला गळती म्हणता आले नसते. दांड्याबरोबर तेलाचा पातळ थर बाहेर येणे स्वाभाविक असते. हे मात्र ओघळ होते. मागचे दोन शॉकप कोरडे होते. फक्त त्यांच्या खालच्या डोळ्यातील रबरी बुश फाटून लोखंडावर लोखंड आपटत होते, आणि ‘खट खट’ असा जो आवाज येई तो त्याचा. आर्मला काही झालेले नव्हते. कोपरा दाबून सोडण्याची परीक्षा आम्ही केली. पुढचा कोपरा तीन-चार वेळा डोलला. ही परीक्षा उपयोगी आहे, पण तिच्यावर विसंबू नये. हाताने आपण गाडी सावकाश दाबतो, आणि रस्ता जोराने दाबतो. अर्धवट झिजलेला शॉकप या परीक्षेत पास होतो. पूर्ण गेलेलाच नापास होतो.

ठरले असे, की पुढचे दोन्ही स्ट्रट नवे घालायचे व मागे फक्त बुश बदलायचे. दोहोंपैकी एकच गळत असता तरी पुढची जोडी बदलणेच इष्ट. एका बाजूला नवा व दुसऱ्या बाजूला जुना असला तर गाडी ब्रेक मारताना आणि वळताना दोन्हीकडे सारखी वागत नाही.

गल्ली अरुंद, म्हणून गाडी घरासमोरच्या फरसबंद जागेत घेतली. जागा सपाट आणि टणक हवी, ही पहिली अट. मातीत जॅक तिरपा होतो. दुसरी अट अशी, की जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचे नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. मामांनी माग उचलण्याच्या कामी येणाऱ्या दोन लोखंडी घोड्या आणल्या आणि गाडीच्या भक्कम कडेखाली लावल्या. विटा किंवा दगड रचून त्यावर गाडी ठेवणारे महाभाग आपल्याकडे पुष्कळ आहेत. वीट भाराखाली कण्हत नाही, ती एकदम फुटते. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर पडलेला. चाकाचे नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेर सैल करायचे, नाही तर उचललेली गाडी पान्याच्या झटक्याने हलते.

आदल्या संध्याकाळी सगळ्या आटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवले होते. त्याआधी तारेच्या ब्रशने माती काढली होती. ही तयारी कंटाळवाणी, पण सकाळचा निम्मा त्रास तिने वाचतो. गंजलेल्या नटाशी झटापट करताना पाना निसटून पोरांची बोटे फुटतात, असे मामांचे म्हणणे, आणि मागखात्यातल्या अनुभवाचे त्यांच्या दोन्ही हातांवर पुरेसे दाखले आहेत.

चाक निघाल्यावर स्ट्रट पूर्ण दिसतो. त्याच्या अंगावर ब्रेकची रबरी नळी एका चिमटीने अडकवलेली असते; ती प्रथम मोकळी करायची. ब्रेकचा कोणताही जड भाग त्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. स्ट्रटचे खालचे टोक चाकाच्या खुंटाला बहुतेक गाड्यांत दोन बोल्टांनी धरलेले असते. बोल्ट सोडण्यापूर्वी त्यांच्या डोक्याभोवती आणि जोडाच्या कडेला रंगाने खूण करून ठेवायची. भोकांत थोडी ढिलाई असते, आणि तेवढ्याने चाकाचा उभा कल बदलतो. बोल्ट निघाले की चाकाचा खुंट बाहेरच्या बाजूला कलंडतो. पुढच्या चाकांना ओढ देणाऱ्या गाडीत इंजिनाकडून येणारा दांडाही तेथेच असतो. तो ओढला जाऊन आतला सांधा सुटू नये म्हणून खुंट दोरीने वर बांधून ठेवावा. आम्ही मागाची जुनी सुती दोरी वापरली.

मग बॉनेट उघडून वरचे नट. येथे नीट लक्ष द्यावे. स्ट्रटच्या डोक्यावर कडेने दोन किंवा तीन छोटे नट असतात आणि मध्ये एक मोठा नट असतो. कडेचे नट काढायचे. मधल्या नटाला हात लावायचा नाही. कडेचा शेवटचा नट निघण्याआधी खालून कोणीतरी स्ट्रट धरावा, मग तो स्प्रिंगेसकट अलगद बाहेर येतो.

मधला नट का काढायचा नाही, याचे उत्तर पुन्हा पदार्थविज्ञानात आहे. त्या नटानेच दबलेली स्प्रिंग आत कोंडून ठेवलेली असते. चाकावर २०० किलो भार आणि १५ सेंटिमीटर दब धरली तर स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा साधारण १५० ज्यूल होते, म्हणजे १५ किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे इतकी. गाडीखालून काढलेल्या स्ट्रटमध्ये त्याहून कमी दब उरते हे खरे, पण तिचा काही हिस्साही हाडे मोडण्यास पुरेसा आहे, आणि तो एकवटून एका पोलादी टोपीच्या रूपाने तोंडावर येतो. स्प्रिंग दाबून धरण्यासाठी स्वतंत्र हत्यार असते. त्याचे दोन आकडे स्प्रिंगेच्या समोरासमोरच्या बाजूंना लावून आळीपाळीने थोडेथोडे आवळायचे. एक बाजू पुढे गेली तर स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा निसटतो. स्प्रिंग तिच्या बैठकीत हाताने खुळखुळू लागली म्हणजेच ती मोकळी झाली, आणि तेव्हाच मधला नट फिरवायचा.

आमच्यापाशी ते हत्यार नव्हते. माझा मामेभाऊ म्हणाला, “बाबा, जाड तारेने चार ठिकाणी बांधू ना स्प्रिंग. सगळे तसेच करतात.” गाडी उभी असताना दबलेल्या स्प्रिंगेला तार बांधून घेण्याची ही युक्ती सर्रास चालते, हे खरे आहे. मामांनी त्याला विचारले, “मागाचा धोटा उडालेला पाहिलास ना तू?” तो गप्प झाला. यंत्रमागावर धोटा एका टोकाकडून फटकारून फेकला जातो आणि दुसऱ्या टोकाच्या पेटीत त्याला चामड्याच्या पट्ट्याने व दाबाच्या पट्टीने थांबवावे लागते. तो पट्टा ढिला पडला तर धोटा पेटीतून परत उसळतो, आणि वाट चुकला तर मागाबाहेरही उडतो. मागावर काम करणाऱ्याला साठलेल्या वेगाची भीती शिकवावी लागत नाही. “फेकणे सोपे असते रे,” मामा म्हणाले, “थांबवण्यातच सगळी कारागिरी.” दोन्ही स्ट्रट पोत्यात गुंडाळून सायकलवर शनवाऱ्याच्या बाजूच्या एका वर्कशॉपात नेले. तेथे उभा प्रेस होता. अर्ध्या तासात जुने स्ट्रट उघडले, स्प्रिंगा नव्यांवर चढल्या, आणि मजुरी दिल्यावरही गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या पुष्कळच आत काम झाले. माझ्या मते घरगुती दुरुस्तीची रास्त सीमा हीच आहे. काढणे-घालणे घरी करावे आणि स्प्रिंग उघडण्याचे काम यंत्राला द्यावे. ज्यांना तेही नको त्यांच्यासाठी स्प्रिंग व डोके चढवून तयार असे पूर्ण स्ट्रटही काही गाड्यांना मिळतात. ते महाग पडतात, पण बोटांहून स्वस्तच.

वर्कशॉपात आपण उभे राहून चार गोष्टी पाहून घ्याव्यात. डोक्यावरचे रबर फुगलेले किंवा तडकलेले असेल तर ते त्याच वेळी बदलावे. त्यासाठी पुन्हा सगळे उघडणे शहाणपणाचे नाही. दांड्यावरचा रबरी ठोकळा आणि धुळीची पिशवी जुन्या स्ट्रटवरून काढून फाटकीच परत घालणारे पुष्कळ असतात. धुळीने दांड्याचे सील जाते आणि नवा स्ट्रट वर्षभरात गळू लागतो. स्प्रिंगेचे खालचे टोक बैठकीतल्या पायरीला नीट टेकले पाहिजे. नवा शॉकप दुकानात आडवा पडून राहिलेला असतो, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करावा; आरंभी हात मध्येच रिकामा जातो, मग सर्वत्र सारखा विरोध लागू लागतो. आणि चकचकीत दांडा पक्कडीने कधीही धरू नये. केसाएवढा ओरखडाही सीलला कानशीसारखा घासतो.

परत बसवताना क्रम उलटा : आधी वरचे नट हातानेच दोन-तीन आटे, मग खालचे बोल्ट, खुणांशी खुणा जुळवून. नायलॉनचे कडे असलेले नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत. ते चार-दोन रुपयांसाठी धुऊन परत लावण्याची आपली सवय येथे कामाची नाही. किती आवळायचे, हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. दाब मोजणारा पाना भाड्याने किंवा ओळखीत मिळाला तर उत्तम.

मागचे काम सोपे, तरी त्यातही एक खोच आहे. या गाडीला मागे शॉकप आणि स्प्रिंग वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे स्प्रिंग उघडण्याचा प्रश्न नाही. परंतु गाडी उचलल्यावर मागची आस खाली लोंबते, आणि तिला फार खाली जाऊ न देण्याचे काम शॉकपच करीत असतो. तो सोडला की आस एकदम खाली बसते, ब्रेकची नळी ताणली जाते आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. म्हणून शॉकप सोडण्यापूर्वी आसेखाली दुसरा जॅक लावून तिला टेकू द्यावा. नवे बुश साबणाच्या पाण्याने ओले करून शिकंज्यात दाबले की सरकतात. ग्रीस किंवा खनिज तेल लावू नये, त्याने रबर कुजते. बुशमधून जाणारा बोल्ट शेवटी आवळायचा तो चाके जमिनीवर टेकून गाडीचा पूर्ण भार आल्यावर. चाक लोंबत असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते, आणि थोड्याच महिन्यांत पुन्हा ‘खट खट’ सुरू होते. गॅरेजात ही गोष्ट घाईमुळे बहुधा होत नाही. घरी काम करण्याचा मोठा फायदा मला हाच वाटला. आपल्याला घाई नसते.

सकाळी आठला सुरू केलेले काम, वर्कशॉपची फेरी व मधले जेवण धरून, संध्याकाळी पाचला संपले. सहसा न बोलणाऱ्या मामी दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी चाकांची दिशा यंत्रावर तपासून घेतली. स्ट्रट काढला की ती बदलते, खुणा कितीही जुळवा. आणि ती तपासली नाही तर टायर एका कडेने झिजून वाचवलेले सगळे पैसे खाऊन टाकतो. पाच-सहा दिवस गाडी चालवून सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासले. वरचा एक अंशभर फिरला. नंतरच्या जळगावच्या फेरीला मामी मागे न आडवे होता पुढच्या सीटवर बसून गेल्या. सावद्याला उतरून चहा घेतला आणि घरी आल्यावर स्वतः स्वयंपाकाला लागल्या. त्यांचा मणका बरा झालेला नाही. तो शॉकपने बरा होणारही नाही. रस्ताही तोच आहे.

राहिले जुने स्ट्रट. ते भंगारवाल्याकडे जातात आणि तेथे कधी गॅसच्या ज्वाळेने कापले जातात. आत तेल आणि काहींत दाबाखालचा वायू असतो, त्यामुळे तापवल्यास ते फुटू शकतात. देण्यापूर्वी भंगारवाल्याला तसे स्पष्ट सांगावे. तेल गळत असेल तर डबा खाली ठेवून ते निथळू द्यावे, मोरीत सोडू नये. बऱ्हाणपुरात १६१५ साली बांधलेली कुंडी भंडाऱ्याची भुयारी जलवाहिनी अजून पाहायला मिळते. डोंगराकडून झिरपणारे पाणी जमिनीखालून शहरापर्यंत आणण्याची ती योजना. तिथल्या मंडळींना जमिनीत काय मुरते याची जाण असावी, निदान मामांना आहे. त्यांनी ते काळे तेल एका जुन्या बाटलीत भरून ठेवले आहे, मागच्या दाराच्या बिजागऱ्यांसाठी.